पायआजोबांची बाजू

आमच्या रांगेत, माझ्यापासून दोन खुर्च्या सोडून, एक म्हातारे गृहस्थ बसतात. मॅच सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी येतात, मांडीवर काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांचा मफलर पसरतात आणि त्यावर मीट पायचा, म्हणजे आत खिमा भरलेल्या पेस्ट्रीचा, पुडा उघडतात. त्यांच्या संघाचं, म्हणजे आता आमच्याही संघाचं, चिन्ह मॅगपाय पक्षी. म्हणून कॉलिंगवूडला, म्हणजे मेलबर्नमधल्या आमच्या या फुटबॉल क्लबला, सगळे 'पाईज' म्हणतात. माझी लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिला पक्षी काही दिसला नाही. खेळायचं पायाने, खायचा पाय, ओरडायचं तेही पाय, असा हिशेब जुळवून तिने त्यांचं नाव 'पायआजोबा' ठेवून टाकलं. मराठीत पाय म्हणजे काय ते मी त्यांना समजावलं, तेव्हापासून ते सगळ्यांना सांगतात की भारतात मला 'फूट आजोबा' म्हणून ओळखतात.

मी कोल्हापूरची. फुटबॉलवरून पेठापेठांत डोकी तापतात हे मला कुणी शिकवायला नको. शाहू स्टेडियमवर पाटाकडीलची मॅच असली की आमच्या गल्लीत भाजी आणायलासुद्धा माणूस मिळायचा नाही. त्यामुळे २०१२ साली मेलबर्नला आले, तेव्हा कॉलिंगवूड, कार्लटन, रिचमंड ही शेजारशेजारची उपनगरं शंभराहून जास्त वर्षांचं वैर जपून आहेत याचं मला नवल वाटलं नाही. उलट घरी आल्यासारखं वाटलं. नवल वाटलं ते खेळाचं. हा ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, इथल्या बोलीत 'फुटी'. क्रिकेटचं मैदान, त्यावर दोन्हीकडचे अठरा-अठरा गडी, अंड्यासारखा चेंडू आणि ऑफसाइड नावाची भानगडच नाही. ऑफसाइड नाही याचा अर्थ पहिल्या वर्षी कळला नव्हता. रग्बीत धडक बहुतेक समोरून येते. इथे ती मागून, बाजूनं, वरून, कुठूनही येते, आणि ज्याच्यावर येते त्याची नजर बहुतेक वेळा आभाळातल्या चेंडूवर असते. अंगावर पॅड नाहीत, बाह्या नाहीत. बाबांना व्हिडिओ कॉलवर सामन्याचा एक क्वार्टर, म्हणजे चौथा हिस्सा, दाखवला. दोन मिनिटं गप्प बसले, मग म्हणाले, "बाळे, ही कुस्ती हाय का फुटबॉल, ते आधी ठरवा म्हणावं त्यांस्नी."

ते अजून ठरलेलं नाही. पायआजोबा आणि मी गेली काही वर्षं त्यावरच वाद घालतो आहोत.

वादाला खरा जोर आला तो २०२३च्या सप्टेंबरमध्ये. तारीख ७, गुरुवारची रात्र, फायनल्सचा, म्हणजे हंगामअखेरच्या फेऱ्यांचा, पहिला सामना, आमचं कॉलिंगवूड आणि मेलबर्न. दुसऱ्या दिवशी शाळा, म्हणून आम्ही तो टारनीटच्या घरी सोफ्यावर बसून पाहिला. पहिल्याच क्वार्टरमध्ये मेलबर्नचा अँगस ब्रेशॉ पुढे धावत येऊन किक मारतो. आमचा ब्रेडन मेनार्ड ती किक अडवायला समोरून दोन्ही हात वर करून उडी घेतो. याला स्मदर म्हणतात. किक निघून जाते. मेनार्ड हवेतच आहे. खाली येताना तो अंग वळवतो आणि त्याचा खांदा ब्रेशॉच्या डोक्यावर बसतो. ब्रेशॉ पडतो तो हलत नाही. त्याने हेल्मेट घातलेलं होतं. आधीच्या वर्षांत डोक्याला बरेच मार बसल्यामुळे तो ते नेहमीच घालायचा. गाडीवरून त्याला बाहेर नेलं. आम्ही सात गुणांनी जिंकलो.

लेकीने विचारलं, "तो उठला का?" मी म्हटलं, "डॉक्टर बघतायत." आणि लगेच डोळे स्कोअरबोर्डवर. हे लिहायला बरं वाटत नाही, पण तसंच झालं होतं.

पुढचा आठवडा या शहरात दुसरा विषय नव्हता. ट्रेनमध्ये, ऑफिसच्या किचनमध्ये, डेंटिस्टच्या खुर्चीत, सगळीकडे तोच प्रश्न, त्याने काय करायला हवं होतं? लीगने, म्हणजे एएफएलने, प्रकरण थेट ट्रायब्युनलपुढे, म्हणजे शिक्षा ठरवणाऱ्या मंडळापुढे, नेलं. इथला मंगळवार हा ट्रायब्युनलचा वार, आपल्याकडे जसा तो गणपतीचा. त्या मंगळवारी सुनावणी तासन्‌तास चालली. हवेत असलेल्या माणसाला निर्णय घ्यायला किती कमी वेळ मिळतो, हे सांगायला बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक आणले होते. मेनार्ड सुटला. महिनाअखेरीस आम्ही ब्रिस्बेनला चार गुणांनी हरवून ग्रँड फायनल जिंकलो आणि मेनार्ड त्या संघात होता. ब्रेशॉ पुन्हा कधीच खेळला नाही. २०२४च्या फेब्रुवारीत डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याने निवृत्ती घेतली. वय अठ्ठावीस, एकूण १६७ सामने.

नवा हंगाम सुरू व्हायच्या आत नियम बदलला. आता स्मदरसाठी जमीन सोडलीत आणि समोरच्याच्या डोक्याला लागलं, तर असं होऊ शकतं हे तुम्हाला आधीच कळायला हवं होतं असं धरतात. टाळण्यासाठी जे करता आलं असतं ते सगळं केलंत हे दाखवता आलं तरच सुटका.

मार्चमध्ये आम्ही पुन्हा आमच्या खुर्च्यांवर बसलो, तेव्हा पायआजोबांच्या पोटात सहा महिन्यांचा राग साठलेला होता. "शंभर वर्षं कोच पोरांना शिकवत आले, दोन्ही हात वर करून झेप घे, भिऊ नको. आणि आता म्हणतात झेप घेतलीस ना, मग जबाबदार तू. लव्ह, माणूस हवेत असताना ब्रेक कुठे असतो ते मला दाखव."

मला दाखवता आलं नाही. अजूनही येत नाही.

लहानपणी खेळताना कुणाला लागलं की आपण सगळे एकच वाक्य म्हणायचो, 'मी मुद्दाम नाही केलं.' त्या वाक्यात मोठी ताकद होती. आई मारायला उचललेला हात खाली घ्यायची. फुटीच्या प्रेक्षकांचं जुनं न्यायशास्त्र अजूनही त्याच वाक्यावर उभं आहे. चेंडूवर नजर असली की माणूस निर्दोष. पण ट्रायब्युनलचा तक्ता वेगळं विचारतो. कृत्य मुद्दाम की निष्काळजी? मार कुठे, डोक्याला की अंगाला? जोर किती, कमी, मध्यम, जास्त की अतिशय जास्त? तीन उत्तरं तक्त्यात भरली की शिक्षा बाहेर पडते, आणि जोर ठरवताना समोरच्या संघाच्या डॉक्टरांचा अहवाल बघतात. म्हणजे तोच खांदा, तोच वेग, तीच चूक. समोरचा उठून खेळायला लागला तर दंडावर भागतं, त्याला कन्कशन झालं, म्हणजे मेंदूला हादरा बसला, तर काही आठवडे बाहेर. २०२१च्या पहिल्याच फेरीत पॅट्रिक डेंजरफील्डसारख्या मोठ्या खेळाडूला बंपबद्दल, म्हणजे खांद्याच्या धडकेबद्दल, तीन सामने बसवलं, तेव्हा पायआजोबा म्हणाले होते, "आता शिक्षा गुन्ह्याला नाही, नशिबाला मिळते."

इथे ते बरोबर आहेत असं मला वाटतं, आणि तरीही मी तक्त्याच्याच बाजूची आहे. मुद्दाम केलं की चुकून, हा प्रश्न मारणाऱ्याचा. मेंदूला तो विचारता येत नाही.

त्यांच्या बाजूला आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे आठवणी. १९८९ची ग्रँड फायनल त्यांना पाठ आहे, आणि त्यात आमचा संघ नव्हताच. पहिल्याच बाउन्सला, म्हणजे खेळ सुरू होताच, जीलाँगचा मार्क येट्स ठरवून हॉथॉर्नच्या डर्मॉट ब्रेरटनवर जाऊन आदळला. बरगड्या मोडल्या, ब्रेरटन मैदानावरच ओकला आणि उठून खेळत राहिला. तीन गोल केले. त्याच सामन्यात रॉबर्ट डीपिअरडोमेनिकोचं फुप्फुस फाटलं, तोही शेवटपर्यंत खेळला. हॉथॉर्न सहा गुणांनी जिंकलं. पायआजोबा ही गोष्ट सांगतात तेव्हा त्यांचा आवाज आमच्या गल्लीतल्या म्हाताऱ्यांचा खासबागेतल्या कुस्त्या सांगताना जसा व्हायचा तसा होतो. मी ऐकताना चेकाळते, नाही कसं म्हणू? पण १९८५मध्ये ली मॅथ्यूजने चेंडू लांब असताना नेव्हिल ब्रन्सचा जबडा मोडला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेलं, ती गोष्ट मात्र ते कधी आपणहून काढत नाहीत. मी काढली की पायला सॉस लावायला लागतात.

त्यांची स्वतःचीही एक गोष्ट आहे. सत्तरच्या दशकात ते उपनगरातल्या एका लहान क्लबकडून खेळायचे. एका सामन्यात दुसऱ्या क्वार्टरला कुणाचं तरी कोपर कानशिलावर बसलं. पुढचं काहीच आठवत नाही. संध्याकाळी बिअर पिताना मित्रांनी सांगितलं की तू नंतर तीन गोल केलेस. "माझे आयुष्यातले सगळ्यात चांगले तीन गोल, आणि मीच ते पाहिले नाहीत!" ही गोष्ट मी निदान दहा वेळा ऐकली असेल. दहाही वेळा हसले.

नियम बदलले की खेळ संपला, असं ते दर हंगामात जाहीर करतात. मग मी हिशेब काढते. २००५मध्ये मधल्या वर्तुळाबाहेर दहा मीटरचं वर्तुळ आखलं, कारण बाउन्सच्या वेळी दोन उंच रकमन, म्हणजे त्या चेंडूसाठी उडी घेणारे गडी, लांबून धावत येऊन गुडघ्यावर गुडघा आपटायचे आणि गुडघ्यामागचा लिगामेंट जायचा. तेव्हा खेळ संपला होता. मी आले त्याच वर्षी, २०१२मध्ये, सिडनीच्या गॅरी रोहनचा पाय मोडला. समोरचा लिंडसे थॉमस चेंडूसाठी घसरत आला होता. पुढच्या वर्षी गुडघ्याखाली धडक द्यायला बंदी आली. पुन्हा खेळ संपला. आज ते वर्तुळ नसतं तर काय, असं विचारलं तर पायआजोबांनाच ते विचित्र वाटतं. गुडघ्याखालच्या नियमावर मात्र अजून तोंडसुख घेतात. आधी वाकून चेंडू उचलायला गेला त्यालाच शिक्षा होते म्हणे! यातही तथ्य आहे, पण ते पुन्हा केव्हातरी. २०२६पासून तर मधला बाउन्सच गेला. अंपायरने चेंडू जमिनीवर जोरात आपटून खेळ सुरू करायचा, हे या खेळाचं अगदी स्वतःचं. त्याचं मलाही वाईट वाटलं. सुरक्षेशी संबंध जेमतेम असलेल्या या बदलावर आमचं दोघांचं एकमत झालं, आणि एकमत झाल्यावर बोलायला काही उरलं नाही.

एमसीजीच्या, म्हणजे मेलबर्न क्रिकेट ग्राउंडच्या, बाहेर टॉम विल्सचा पुतळा आहे. याच माणसाने १८५८च्या जुलैत एका वृत्तपत्राला पत्र लिहून सुचवलं, की क्रिकेटवाल्यांनी हिवाळ्यात अंग आखडू नये म्हणून फुटबॉलचा क्लब काढावा. पुढच्या वर्षी मे महिन्यात चार डोकी एकत्र बसली आणि दहा नियम लिहून काढले. त्यांत एक असा की नडगीवर लाथा मारायच्या नाहीत. इंग्लंडातल्या शाळांमध्ये हॅकिंग म्हणजे मर्दानगी. इथली जमीन कठीण, खेळणारे पोटापाण्याला लागलेले बाप्ये. म्हणजे या खेळाच्या जन्माच्याच बैठकीत कुणीतरी म्हणालं असणार, 'हे जरा जास्त होतंय', आणि कुणीतरी उत्तर दिलं असणार, 'मग विटीदांडू खेळा.' किंवा त्याचं जे काही त्यांच्याकडचं असेल ते. हल्ली इथे 'नेटबॉल खेळा' म्हणतात. माझी लेक नेटबॉलही खेळते आणि तिथे बोटं मोडून घेते, ते असो.

पुतळ्यावरून पुढे गेलं की गेट. तिकीट स्कॅन होतं, आणि आत नव्वद हजार माणसं ज्या गोष्टीवर सगळ्यात जास्त ओरडतात ती कोणती? एकाने दुसऱ्याच्या पाठीवर गुडघा रोवून वर चढायचं आणि आभाळातून चेंडू झेलायचा. स्पेकी. त्याला बंदी नाही. त्याला 'मार्क ऑफ द इयर'चं, म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम झेलाचं, बक्षीस आहे. खाली ज्याची मान असते त्याला काहीच नाही.

ब्रेशॉच्या घराचं मला राहून राहून आठवतं. कुटुंब खेळाडूंचं. आजोबा इयान ब्रेशॉ वेस्टर्न ऑस्ट्रेलियाकडून क्रिकेट खेळायचे, एका डावात दहाच्या दहा बळी घेतलेले. वडील, काका, भाऊ, सगळे मैदानावरचे. धाकटा भाऊ अँड्र्यू अठरा वर्षांचा असताना, २०१८मध्ये, पर्थच्या दोन संघांच्या डर्बीत अँड्र्यू गॅफने चेंडूपासून लांब त्याच्या तोंडावर ठोसा मारला. जबडा मोडला, दात हलले. गॅफला आठ सामने बसवलं. त्या वेळी तिसरा भाऊ हेमिश गॅफच्याच संघात होता. आणि अँगसची जोडीदार ही डॅनी फ्रॉलीची मुलगी.

फ्रॉली सेंट किल्डाचा कॅप्टन, नंतर रिचमंडचा कोच, नंतर टीव्हीवरचा हसरा चेहरा. बटाटे पिकवणाऱ्या घरातला, म्हणून टोपणनाव स्पड. २०१९च्या सप्टेंबरमध्ये, छप्पन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, तो गाडीच्या अपघातात गेला. घरच्यांनी मेंदू तपासायला दिला. पुढच्या वर्षी निष्कर्ष आला, सीटीई. डोक्याला वर्षानुवर्षं बसलेल्या माराने मेंदूत एक प्रथिन साचत जातं. माणूस जिवंत असताना त्याचं खात्रीचं निदान करता येत नाही, सूक्ष्मदर्शकाखालीच कळतं. त्याच्या आधी थोर खेळाडू पॉली फार्मरच्या मेंदूत ते सापडलं होतं. नंतर शेन टकच्या, जो अडतिसाव्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या कॉरोनरने २०२३च्या शेवटी लीगला सांगितलं, की सरावातल्या धडकासुद्धा कमी करा.

आणि हेदर अँडरसन. पाचव्या वर्षापासून खेळणारी, २०१७मध्ये बायकांच्या पहिल्याच हंगामात ॲडलेडकडून विजेती. ती भडक गुलाबी हेल्मेट घालायची. तिच्या आईची नजर अधू होती, गर्दीत लेक ओळखू यावी म्हणून. २०२२मध्ये हेदर गेली, अठ्ठावीस वर्षांची. व्यावसायिक खेळाडू असलेल्या स्त्रीमध्ये सीटीई सापडल्याची ती जगातली पहिली नोंद. ते गुलाबी हेल्मेट आईला लेक दाखवू शकत होतं. त्याहून जास्त काम त्याच्याकडून होणार नव्हतं. वाळलेला नारळ कानाशी धरून हलवलात की आतला गोटा वाजतो. त्यावर बाहेरून कितीही काथ्या गुंडाळा, गोटा हलायचा तो हलतोच. हेल्मेट म्हणजे काथ्या. खरचटणं, टेंगूळ, खोक वाचते.

हे सगळं मी पायआजोबांना सांगितलं आहे, नारळासकट. ते ऐकून घेतात. आमच्याच नेथन मर्फीने २०२३च्या ग्रँड फायनलमध्ये डोक्याला मार खाल्ला, मेडल घेतलं आणि पुढच्या एप्रिलमध्ये चोविसाव्या वर्षी खेळ सोडला, तेव्हा ते म्हणाले, "त्या पोराने शहाणपणा केला." मी म्हटलं, मग नियम? तर म्हणाले, "खेळ सोडायचं पोराने ठरवावं. खेळाने पोराला सोडू नये." यावर मला आजपर्यंत नीट उत्तर सुचलेलं नाही.

आता माझ्याच घरातलं. लेक नऊ वर्षांची झाली, ऑसकिकमधून, म्हणजे लहान मुलांच्या फुटीतून, वरच्या गटात गेली. एका रविवारी चेंडूवर दोघी एकदम वाकल्या आणि डोक्यावर डोकं आपटलं. ती उठली, हसली, आणि तिने मला विचारलं, "आई, आपण कुणाशी खेळतोय?" समोरच्या संघाचे शर्ट तिच्या डोळ्यांसमोर होते. कोचने तिला लगेच बाहेर घेतलं, संध्याकाळी डॉक्टरांनी कन्कशन म्हणून लिहून दिलं. गल्लीतल्या फुटीला नियम असा की एकविसाव्या दिवसाआधी सामना नाही. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर तिने रोज एक फुली मारायला सुरुवात केली. संकष्टीच्या चौकोनात जागा कमी म्हणून तिथे बारकी फुली.

बाराव्या दिवशी फुली मारताना म्हणाली, "एएफएलवाले आज खेळले असते." तिला ठाऊक होतं. मोठ्यांच्या लीगमध्ये २०२१पासून किमान बारा दिवस, त्याआधी तर पुढच्याच आठवड्यात उतरायचे. "मोठ्यांचा मेंदू लवकर बरा होतो का?" मी सांगितलं, त्यांच्याकडे रोज तपासणारे डॉक्टर असतात, पायरीपायरीने चाचण्या घेतात, मुलांच्या मेंदूला वेळ जास्त द्यावा लागतो. सगळं खरं. तिने ऐकलं आणि म्हणाली, "की त्यांच्या मॅच जास्त महत्त्वाच्या असतात?"

त्याच शनिवारी आम्ही एमसीजीला गेलो. तिसऱ्या क्वार्टरमध्ये आमच्या एकाने समोरच्याला असा खांदा दिला, की तो सीमारेषेपलीकडे जाऊन पडला. अगदी नियमात, अंगावर, डोक्याला काही नाही. मी उभी राहिले होते. कधी उभी राहिले ते कळलं नाही. घशातून जे बाहेर पडलं ते कोल्हापुरी होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही. खाली बसले तेव्हा लेक माझ्याकडे बघत नव्हती. ती त्या पडलेल्याकडे बघत होती, उठेपर्यंत. मग पुढे वाकून पायआजोबांना म्हणाली, "ही इज ओके."

त्यांनी तिला विचारलं, किती दिवस राहिले? "आठ." मग तिला बरं वाटावं म्हणून त्यांनी आपली ती गोष्ट काढली. कोपर, कानशील, कोरी संध्याकाळ, न पाहिलेले तीन गोल. शेवटच्या वाक्यावर नेहमीसारखे थांबले.

ती हसली नाही. तिने विचारलं, "मग तुम्ही किती दिवस घरी बसलात?"

"सोमवारी कामावर गेलो, लव्ह."

"मग शनिवारी?"

"खेळलो."

"आणि ते गोल नंतर कधी आठवले का?"

त्यांनी मान हलवली. पायचा उरलेला तुकडा कागदात परत गुंडाळला आणि खुर्चीखाली ठेवला. मैदानावर कुणीतरी कुणाला तरी चेंडूसकट पकडलं होतं, आणि आमची सगळी रांग, तेही, मीही, ओरडत होतो, बॉऽऽल!